तीन सेंटिमीटरची घट

लिंबाजीमामा माणसाला नाव विचारायचे नाहीत. आधी त्याचं वजन सांगायचे. जवळा बाजारच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ते मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवून तोलणारे. तीस वर्षं पोती बघून बघून त्यांच्या डोळ्यातच काटा बसला होता. कुणी समोर आलं की नजर टाचेपासून डोक्यापर्यंत एकदा फिरायची आणि निकाल लागायचा. "अडुसष्ट." एकदा लग्नाच्या मांडवात नवरदेवाला हार घालता घालता ते "ब्याऐंशी, फेट्यासकट" म्हणाले होते, आणि नवरीकडची माणसं जेवण होईपर्यंत रुसून बसली होती. मामांना त्यात काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

माझी आणि त्यांची भेटही अशीच झाली. वडिलांनी सोयाबीन आणलं होतं आणि मी सोबत आले होते. मला एका जागी बसणं कधीच जमलं नाही, आजही जमत नाही. वडील सौद्यात अडकलेले, मग मी आडत दुकानाच्या पत्र्याला उडी मारून हात लावत बसले. लागत नव्हता, म्हणून पुन्हा पुन्हा. काट्याजवळून आवाज आला, "त्रेचाळीस. अन् त्यातलं पायात दहा बी न्हाई."

"तुमी डॉक्टर हायत का?" मी विचारलं. मी सोळा वर्षांची होते आणि जिभेला हाड नव्हतं.

"न्हाई. मापाडी हाय. काहून उड्या मारून राहिली?"

काहून ते खरं तर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या अनोळखी माणसाला मात्र भडाभडा सांगून टाकलं. मी शाळेत व्हॉलीबॉल खेळायचे. हात चांगला होता, उंची कमी होती. हिंगोलीला डिसेंबरात एका निवासी क्रीडाशाळेची निवड चाचणी होणार होती. राहणं, खाणं, कॉलेज, सगळं तिथं. अट एक होती. जागेवर उभं राहून मारलेली उडी बेचाळीस सेंटिमीटर भरली पाहिजे. माझी एकतीस भरत होती. पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हते. आणि एरवी वडील मला शहरात पाठवणार नाहीत, हे त्यांनी एकदा नव्हे, दहादा सांगितलं होतं. म्हणजे जे काही व्हायचं ते या डिसेंबरातच.

मामांनी सगळं ऐकलं आणि वडिलांच्या पोत्याचा आकडा सांगितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिकाम्या उड्या मारून उडी वाढत न्हाई. उद्या शाळा सुटल्यावर ये."

आमच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांचं म्हणणं बरोबर उलटं होतं. वजन उचललं की पाय जड होतात, उडी मरते. आईला वेगळीच काळजी, पोरगी पैलवानासारखी दिसायला लागेल. वडील म्हणाले, "हमाल करायची का माझी लेक?" मामांनी यातल्या कुणाशीच वाद घातला नाही. ते आमच्या घरी आले, चहा घेतला आणि वडिलांना एवढंच म्हणाले, "दीड महिना द्या. न्हाई वाढली तर मीच सायकलवर घरी आणून सोडतो." वडिलांनी होकार दिला, कारण लिंबाजी मापाड्याच्या शब्दावर आख्ख्या बाजाराचा माल तोलला जायचा. त्यांनी सांगितलेला आकडा कुणी दुसऱ्या काट्यावर जाऊन तपासलेला मला आठवत नाही.

मोंढ्यात तेव्हा नुकतेच इलेक्ट्रॉनिक काटे आले होते. जुन्या तराजूची बिडाची मापं, दहाची, वीसची, गोदामामागे गंजत पडली होती. मामांनी ती घासून काढली. बोअरचा एक जुना पाइप आणला, मापांच्या कड्यांतून ओवला, दोन्ही टोकांना तारेने आवळून टाकलं. माझ्या खांद्यावर बारदान्याची घडी ठेवली आणि त्यावर पाइप. "बस खाली. टाच उचलायची न्हाई. पाठ वाकवायची न्हाई. उठायचं ते गुडघ्यातून."

मी बसले आणि उठले. मामा म्हणाले, "लाभ."

मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन, चार. माझ्या बैठका मामांनी तशाच मोजल्या. लाभ, दोन, तीन, चार, पाच, ठेव. सहावी कधीच नाही. मला सहावी, सातवी, दहावी सगळ्या करायच्या असायच्या. ते पाइपला हात लावून थांबवायचे. "भरलं की ठेवायचं. कोंबलेलं पोतं फाटतं."

पहिले तीन आठवडे दोन बाजूंना दहा-दहाची मापं. मग वीस-वीस, मग दोन्ही एकदम. दिवाळीपर्यंत मी साठ किलो खांद्यावर घेऊन बसत होते आणि विहिरीवरून दोन घागरी आणताना मला काही आणतोय असं वाटत नव्हतं. पण उडी? दीड महिन्यानं मोजली तर तेहतीस. मी चुन्याचं बोट भिंतीवर पुसलं आणि रडायच्या बेतात आले. उडी मोजायची आमची पद्धत अशी होती की मामांच्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटाला लावायचा, गोदामाच्या भिंतीशी सरळ उभं राहून हात वर करून एक ठिपका काढायचा, मग उडी मारून दुसरा. मामा स्टुलावर चढायचे, टेप लावायचे आणि वरून आकडा सांगायचे.

"साठ किलो उचलून दोन सेंटिमीटर?" मी म्हणाले. "सर बराबर म्हणत होते."

"ताकद आली," मामा म्हणाले. "पण अजून झोपलेली हाय. आता उठवू तिला."

मग त्यांनी मला हमाल दाखवले. खरंच दाखवले, शाळेतला फळा दाखवावा तसे. एक हमाल दिवसभर पाठीवर पोती वाहत होता, हळूहळू, पाय घासत. "याच्या अंगात लई ताकद हाय. पण याला उडी मारायला सांग." दुसरा थप्पी लावत होता, म्हणजे पोत्यावर पोतं रचत होता. वरच्या थराला पोतं टाकताना तो गुडघ्यात वाकायचा आणि एका झटक्यात टाचा उचलून पोतं वर भिरकावायचा. "हा बघ. याचं वजन वर जातं, कारण हा सावकाश उचलत न्हाई." त्या दिवसापासून बैठका कमी झाल्या. त्याऐवजी वीसचं माप दोन्ही हातांनी जमिनीवरून एका झटक्यात छातीपर्यंत आणायचं, टाचा उचलून. आणि त्यानंतर लगेच, दम जायच्या आत, पोत्याच्या थप्पीवर चढून खाली उडी टाकायची आणि टाच टेकायच्या आधी पुन्हा वर उडायचं. तेही पाच-पाचच. आठवड्यातून तीन दिवस. मधल्या दिवशी मी मोंढ्यात दिसले तरी ते ओरडायचे.

उडी वाढायला लागली. पस्तीस. सदतीस. क्रीडाशिक्षक एकदा येऊन बघून गेले. आई म्हणाली, पोरगी होती तशीच दिसते, फक्त भाकरी दुप्पट खाते. वडील आता बाजाराच्या दिवशी मुद्दाम गोदामामागून जायचे.

विश्रांतीचं मामांचं शास्त्र अमावास्येचं होतं. अमावास्येला मोंढा बंद असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हमाल कामावर येतात तेव्हा, मामा म्हणायचे, ट्रकचा फाळका धरून चढत नाहीत, नुसते उडी मारून आत जातात. तीस वर्षं त्यांनी हे पाहिलं होतं. "एक दिवस थांबले म्हनून उडाले. तेच महिनाभर उचलून उचलून फाळक्याला लोंबकळतात." म्हणून चाचणीच्या दहा दिवस आधी त्यांनी शेवटची उडी मोजली, पाइपमधली मापं काढून ठेवली आणि मला सांगितलं, "आता घरी बस. काही उचलायचं न्हाई. शेवटचे चार दिवस तर चालायचं बी कमी."

"किती भरली?" मी खालून विचारलं.

स्टुलावर ते जरा थांबले. मग म्हणाले, "एकोणचाळीस."

एकोणचाळीस. म्हणजे तीन कमी. तीन सेंटिमीटर कमी असताना घरी बसा म्हणणारा माणूस एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर त्याला माझ्या आयुष्याचं काही पडलेलं नाही, असं मला वाटलं. मी पहिला दिवस कसाबसा काढला. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, गोठ्यात गेले, गव्हाचं अर्धं पोतं खांद्यावर घेतलं आणि बैठका काढल्या. पाच नाही. पन्नास. मग ओट्यावरून उड्या. तिसऱ्या दिवशी साठ. जिने काम केलं ती मागे राहील आणि जी बसून राहिली ती पुढे जाईल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. रोज मांड्या भरून यायच्या आणि मला वाटायचं, आज काहीतरी वाढलं. आईनं विचारलं तर म्हणायचे, मामांनीच सांगितलंय.

चाचणीच्या दिवशी मामा फाट्यावर उभे होते. मी जीपमधून उतरले तेव्हा दांडा धरून उतरले, एक एक पाय करून. मामांनी माझ्या टाचांकडे पाहिलं. नेहमीसारखा आकडा आला नाही.

"किती दिवस उचललंस?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "नऊ."

ते पुलाच्या कठड्यावर बसले. टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. हिंगोलीच्या बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. माझे पाय मला माझे वाटत नव्हते. उतरताना त्यांनी फक्त माझी पिशवी घेतली.

मैदानावर तीन उड्या मिळतात. पहिली छत्तीस. दुसरी अडतीस. तिसरीला मी अंगातलं होतं नव्हतं ते सगळं घातलं. अडतीस. टेबलावरच्या बाईंनी वहीत लिहिलं आणि पुढच्या मुलीचं नाव घेतलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिला तिची उडी मारायची होती.

कुंपणाबाहेर मामा होते. मी म्हणाले, "जाऊ द्या. आधीपासूनच तीन कमी होते. होणारच न्हवतं."

"कमी न्हवतीस," मामा म्हणाले.

मला कळलं नाही.

"बेचाळीस होतीस. दहा दिवस बसली असतीस तर पंचेचाळीस भरली असती. मी तीन घट धरली."

घट म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या मुलीला कुणी सांगावं लागत नाही. गावात तोललेला माल वाटेत वाळतो, सांडतो, शहरातल्या काट्यावर कमीच भरतो. म्हणून जाणता मापाडी आधीच थोडं कमी धरून चालतो, म्हणजे तिकडे मान खाली घालायची वेळ येत नाही. मामांनी माझी उडी सोयाबीनसारखी तोलली होती. तिकडे गेल्यावर पोरगी घाबरेल, दोन-तीन सुकतील, तर बेचाळिसाचं पंचेचाळीस करूनच पाठवावी, असा त्यांचा हिशोब. शेवटच्या महिन्यात प्रत्येक वेळी त्यांनी तीन कमी सांगितले होते. पोत्याला आपला आकडा ऐकू येत नाही. मला येत होता.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. मैदानाच्या गेटवर, लोकांसमोर, बापाच्या वयाच्या माणसाला. ते ऐकत उभे राहिले. मी एकटीच परतीच्या बसमध्ये बसले.

चार दिवसांनी जवळ्याचा बाजार होता. वडील चहाच्या हॉटेलसमोर बसले होते, गावची दहा माणसं, दोन आडते, हमाल. मी पलीकडे भाजीच्या पाटीजवळ होते. मामा आले, वडिलांसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाव्हणं, मी माप खोटं सांगितलं. तुमच्या लेकीची उडी बराबर भरत होती. मी तीन कमी सांगितली, म्हनून तिनं जीव काढला अन् राहिली. तिची चूक न्हाई."

मापाड्यानं भर बाजारात, माप खोटं सांगितलं म्हणणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. वडिलांनी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत. पुढचे काही आठवडे एक-दोन शेतकऱ्यांनी आपला माल दुसऱ्या मापाड्याकडे नेला, हे मला नंतर कळलं. मामांनी त्यांना अडवलं नाही.

तरीही मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही. राग उतरायला मला वेळ लागतो. खरं सांगायचं तर राग त्यांचा कमी आणि माझा जास्त होता. तीन कमी सांगणारे ते होते, पण बस म्हटल्यावर न बसणारी मी होते. आमच्या जवळच्याच कॉलेजात नाव घातलं, तिथंही व्हॉलीबॉलचा संघ होता, आणि एका अमावास्येला, मोंढा बंद असताना, मी गोदामामागे गेले. मापं घासलेली होती. पाइपला गंज नव्हता. वर्षभर कुणीतरी तेल लावत होतं.

मामा आले. "एकोणपन्नास," म्हणाले. "बरं भरलंय." आणि खिशातून टेप काढून माझ्या हातात दिली. "आता तू वाच. मी खाली उभा राहतो."

त्यानंतर उडी मीच वाचली. स्टुलावर मी चढायचे आणि आकडा मी सांगायचे, आणि मामा खालून तंबाखू मळत "बराबर?" एवढंच विचारायचे. त्या मोसमात शेवटचे दहा दिवस मी अंगणात बसून काढले. आईला वाटलं मी आजारी आहे. उडी शेहेचाळीस भरली. क्रीडाशाळेचं वय निघून गेलं होतं ते गेलंच, पण कॉलेजच्या संघातून खेळले, पुढे शिकले, आणि आज सेनगावात क्रीडाशिक्षिका आहे. माझ्या पोरी वजन उचलतात. पाचला थांबतात. चाचणीआधी दहा दिवस घरी बसा म्हटलं की माझ्याकडे अशा बघतात की जणू मीच त्यांची वैरीण. मी त्यांना टेप देते. स्वतः वाचा म्हणते. तरी त्यातली एखादी गोठ्यात जातेच, आणि ती कोण हे मला ती जीपमधून उतरताना कळतं.

मामा गेले त्याच्या आठ दिवस आधी मी त्यांना शेवटचं भेटले. पोटाचं दुखणं चार-पाच महिन्यांपासून होतं. पडवीत बाज टाकली होती. मामींनी गोधडी सारखी केली आणि चहा ठेवायला आत गेल्या. मामांची मनगटं बघून मला कुठं बघावं ते सुचेना. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले.

"बस की," ते म्हणाले. "अजून तशीच हायस." मग जरा दम घेऊन, "सांग बरं. किती?"

मला समजलं नाही असं मी दाखवलं.

"इतकी वर्षं मी सांगितलं. आज तू सांग. किती भरून राहिलो?"

मला दिसत होतं. त्यांनीच शिकवलं होतं, टाचेपासून वर बघायचं. "पन्नास-बावन्न असाल," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे तेच होते. "मीरे," ते म्हणाले, "मी घट धरली तर मैदानावर शिव्या दिल्यास. अन् आता तू वाढवून सांगून राहिली?"

मला रडू आवरेना. तोंडावर पदर घेतला. ते थांबले, घाई केली नाही, काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे.

"चाळीस," मी म्हणाले.

"व्हय," मामा म्हणाले. "आता बराबर." ते खरंच बरं वाटल्यासारखे हसले. "तुझी ती वीस-वीसची मापं. चल, उठव मला. उन्हात बसायचंय. पाठ वाकवू नको."

मी बाजेजवळ टाचा टेकून बसले, एक हात त्यांच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि गुडघ्यातून सरळ उठले. त्यांचं डोकं माझ्या खांद्याला लागलं होतं, जिथं बारदान्याची घडी असायची तिथं. कानाशी त्यांचा आवाज आला, हळू, पण मोंढ्यातलाच.

"लाभ."